पॅसेजमधले साहेब

साहेब घरात आले त्या दिवसापासून त्या घरातली सगळी माणसं आडवी चालायला लागली.

साहेब म्हणजे एक कपाट. कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीच्या लिलावात दोघा भावांनी ते घेतलं, हमाल लावून घरी आणलं आणि ते कुठल्याच खोलीच्या दारातून आत जाईना म्हणून तात्पुरतं पॅसेजमध्ये उभं केलं. तात्पुरतं ठेवलेलं सामान किती काळ राहतं हे घर असलेल्या माणसाला सांगायला नको. काळपट लाकूड, वर कोरीव कंगोरे, मध्ये माणसाचा चेहरा हिरवट दाखवणारा आरसा आणि खाली वाघाच्या पंजासारखे चार पाय, त्यातला एक नेमका वाटेत आलेला. त्या कचेरीतल्या बड्या साहेबाच्या खोलीतलं कपाट, म्हणून थोरल्या भावाने त्याला ‘साहेब’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मग साहेबांसमोरून जाताना सगळे पोट आत घेऊन, अंग चोरून जायला लागले. घरातली लेक शाळेत मोकळ्या मैदानातसुद्धा तिरकी धावायची. तिच्या बाईंनी एकदा घरच्यांना शाळेत बोलावून विचारलंही होतं, की मुलीच्या डोळ्यांत काही दोष आहे का.

आता त्या घरात दोघीच उरल्या होत्या. थोरली आणि धाकटी, दोघी जावा. भावांपैकी थोरला आधी गेला आणि धाकटाही त्याच्या मागोमाग गेला, जणू तिकडेही कुठे लिलाव होता. थोरली टेलिफोन ऑफिसातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली. तिची लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. धाकटी अजून चष्म्याच्या दुकानात जायची, फ्रेममध्ये काचा बसवायला. तिला मूलबाळ नव्हतं, पण पुतणीच्या वेण्या आयुष्यभर तिनेच घातल्या, त्यामुळे ते कधी कुणाला आठवायचंही नाही.

या दोघींचं जन्मात भांडण झालं नाही. शेजारीपाजारी त्यांचं उदाहरण द्यायचे. आता भांडण होणार तरी कसं? त्या घरात कुणी कुणाला सरळ काही विचारायचंच नाही. समोरच्याला काय हवं असेल ते मनाशी ताडायचं आणि आपल्यालाही तेच हवंय असं म्हणायचं, ही तिथली रीत. ताडण्यात चूक झाली तर? तर काही नाही. ती चूक झाडूनपुसून वर्षानुवर्षं जपायची.

साहेबांत जाऊबाईंचा जीव अडकलाय, याबद्दल धाकटीच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नाहीतर सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, कुठली बाई फडकं घेऊन एकेक कंगोरा पुसेल? तेव्हा जाऊबाईंचं मन राखायचं म्हणून धाकटी दरवर्षी एक अख्खा रविवार खर्ची घालून साहेबांना पॉलिश करायची. पॉलिशच्या वासाने तिचं डोकं उठायचं. पण तोंडातून कधी ब्र काढला नाही.

आणि मग थोरली पडली. पॅसेजमध्येच पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. धाकटीने नुकतीच फरशी पुसली होती.

‘पाय घसरला गं,’ थोरली जमिनीवरूनच म्हणाली. वेदनेने चेहरा पांढरा पडला होता, तरी पुढे म्हणाली, ‘तुझी काही चूक नाही हं.’

हे दुसरं वाक्य धाकटीच्या काळजात रुतून बसलं. चूक नसती तर म्हणाल्या कशाला असत्या?

ऑपरेशन नीट झालं. मग थोरलीला चालायला शिकवणाऱ्या वॉर्डात हलवलं. तिथे ती वॉकर धरून एकेक पाऊल टाकायला लागली. शनिवारी घरी सोडायचं ठरलं, तेव्हा लेक रजा काढून आली आणि घर बघून तिने कपाळाला हात लावला.

‘काकू, इथे वॉकर फिरणार कुठून? मांजरालासुद्धा परवानगी घेऊन जावं लागतंय. मी आईला माझ्याकडेच नेते कायमची. लिफ्ट आहे, मोठ्या खोल्या आहेत.’

‘तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा,’ धाकटी म्हणाली आणि ओटा पुसायला लागली. ओटा आधीच पुसलेला होता.

जाऊबाई गेल्या की घरात उरणार कोण, तर ती आणि साहेब. संध्याकाळी दुकानातून आल्यावर ‘आलीस?’ म्हणणारं कुणी नाही. हा विचार आला तशी ती जाग्यावरच बसली, आणि बराच वेळ बसून झाल्यावर उठली ती निश्चय करूनच. वाट नाही ना? मग वाट करायची. शनिवारच्या आत घर असं रिकामं करायचं की पुतणीला बोलायला जागाच उरू नये.

वॉर्डात जाऊन तिने वॉकरच्या रुंदीची सुतळी कापून आणली आणि ती दोन्ही हातांत ताणून घरभर हिंडली. जिथे सुतळी अडेल तिथलं सामान जाणार. वापरात नसलेलं सामान नेऊन गरजूंना देणारी एक संस्था होती, तिथे तिने फोन लावला. पलीकडची बाई मोठी रोखठोक. म्हणाली, ‘शुक्रवारी टेम्पो येईल. पण एक सांगते, फाटकंतुटकं आमच्या गळ्यात मारू नका. सख्ख्या बहिणीला द्याल तेच द्या.’

हे वाक्य धाकटीला फार उपयोगी पडलं. दुकानातून रजा घेऊन ती कंबर कसून कामाला लागली. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, बहिणीला देशील का? पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या गाद्या, ज्यांच्यावर झोपायला आता पाहुणेच उरले नव्हते, त्या दिल्या. लग्नकार्याला पुरतील एवढी पातेली दिली. घडीची खाट, शिलाई मशीन, दोन जास्तीच्या इस्त्र्या, न उघडलेले चादरींचे संच. झाकण नसलेले डबे आणि डबे नसलेली झाकणं मात्र बहिणीला देण्यासारखी नव्हती, ती भंगारात गेली. इतकी वर्षं ती एकमेकांची वाट बघत एकाच फळीवर बसली होती, पण त्यांचं जुळण्यातलं नव्हतं.

नवऱ्याचा कोट हातात आला तेव्हा ती थबकली. कोट चांगला होता, बाहीला थोडासाच झिजलेला. तिने तो नाकाशी धरला, पण वास फक्त डांबराच्या गोळ्यांचा आला. कुणाच्या तरी अंगात गेला तर निदान माणसाचा वास येईल, असं म्हणून तिने डोळे पुसले आणि कोटाची नीट घडी घातली.

गुरुवारपर्यंत खोल्यांना श्वास घ्यायला जागा झाली. सुतळी सगळीकडून सुटसुटीत जायला लागली. फक्त साहेबांपाशी अडली. थोडीथोडकी नाही, चांगली चार बोटं.

धाकटीने साहेबांना खांदा लावून ढकलून पाहिलं. ते तसूभर हलले नाहीत. हिरवट आरशात तिला स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसला. साहेबांना घालवावं तर जाऊबाईंचं मन मोडतं, ठेवावं तर जाऊबाईच जातात. तिने सुतळीची गुंडाळी करून पदराच्या टोकात बांधली आणि ती वॉर्डाकडे निघाली.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, विचारून टाकावं आणि मोकळं व्हावं. पण धाकटीने आयुष्यात कधी असं विचारलं नव्हतं, आणि सवय ही अशी एका दिवसात सुटत नाही.

‘घर जरा आवरतेय, जाऊबाई,’ ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसत म्हणाली.

‘बरं करतेस. पण दमू नकोस.’

‘बरंच सामान देऊन टाकतेय. म्हटलं, जरा वाट होईल.’

थोरलीने चादरीवरची सुरकुती बोटाने सरळ केली. ‘आणि साहेब?’

‘अगं बाई, साहेबांना कोण हात लावतंय!’ धाकटी घाईघाईने म्हणाली. ‘ते आहेत तिथेच आहेत.’

थोरलीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. धाकटीला वाटलं, बाईचा जीव भांड्यात पडला.

‘मग मी जाते लेकीकडे,’ थोरली म्हणाली. ‘तुझीही दगदग वाचेल. इतकी वर्षं माझंच करतेयस.’

‘तुम्हाला बरं वाटेल तसं.’

‘मला काय, तुला बरं वाटलं म्हणजे झालं.’

दोघी एकमेकींकडे बघून इतक्या गोड हसल्या, की पलीकडच्या खाटेवरची पेशंट ‘नशीबवान आहात हो दोघी’ असं म्हणाली. धाकटी घरी आली आणि न जेवता झोपली.

शुक्रवारी टेम्पो आला. फोनवरची रोखठोक बाई स्वतःच आली होती. उंच, दणकट, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि बरोबर सामान उचलणारा एक गडी. ती प्रत्येक वस्तू उलटीसुलटी करून बघायची आणि ‘चला’ म्हणायची. कोट बघितला, बाहीवरून हात फिरवला आणि तो टेम्पोत न टाकता पुढे सीटवर ठेवला. धाकटीला ती बाई तेवढ्यानेच आवडली.

‘हे कपाट?’

‘ते नाही जायचं.’

‘बरं,’ म्हणून बाईने गादीचं एक टोक उचललं, ती पॅसेजमधून मागे मागे निघाली आणि दुसऱ्याच क्षणी ‘आई आई गं!’ करत एका पायावर उभी राहिली. साहेबांनी पाहुणीलाही सोडलं नव्हतं.

‘कुणाला एवढा पुळका आहे हो या धुडाचा?’ ती पाय चोळत म्हणाली. ‘तुम्हाला?’

‘मला?’ हा प्रश्न धाकटीला त्या घरात कुणी कधी विचारलाच नव्हता. ‘नाही बाई. मला बघवत नाही ते. जाऊबाईंचा जीव आहे त्यात.’

‘त्या म्हणाल्या तसं?’

धाकटी आठवायला लागली. जाऊबाई कधी म्हणाल्या होत्या? ज्या दिवशी साहेब आले, त्या दिवशी नवऱ्याने तिला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं होतं, ‘वहिनीला फार आवडलंय. तू आता मोडता घालू नकोस.’ तेवढंच. त्यानंतर विचारायची वेळच आली नाही.

‘मग विचारून घ्या की,’ बाई म्हणाली. ‘टेम्पो भरेपर्यंत आहोत आम्ही.’

वॉर्ड शहराच्या दुसऱ्या टोकाला. जाऊन येणं शक्य नव्हतं. थोरलीच्या उशाशी लेकीने दिलेला मोबाइल असायचा, पण धाकटीने त्यावर कधी फोन लावला नव्हता. त्यावरच कशाला, तिने जाऊबाईंना जन्मात कधी फोन केला नव्हता. एका घरात राहणारी माणसं एकमेकींना फोन करतील कशाला? तिने नंबर लावला. पलीकडून आवाज आला.

‘हॅलो. बोला.’

धाकटी दचकली. आवाज जाऊबाईंचाच होता, पण हा सूर तिने कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, कोरडा, नेमका. उभी नोकरी थोरलीने याच सुरात केली होती. फोन कानाला लागला की पाल्हाळ नाही, आढेवेढे नाहीत, मागे दुसरे लोक खोळंबलेले असतात. ऑफिस सुटलं की हा सूर ती तिथेच ठेवून घरी यायची. घरच्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

‘मी बोलतेय. धाकटी.’

‘ओळखलं. काय काम आहे?’

‘नाही, काम असं काही… ते साहेब… म्हणजे टेम्पो आलाय, आणि तुमचा जीव…’

‘प्रश्न काय आहे तो विचार.’

धाकटीने डोळे गच्च मिटले. ‘तुम्हाला साहेब आवडतात का?’

‘नाही.’

बाहेर टेम्पोत पातेली आदळल्याचा आवाज झाला. धाकटीने भिंतीला हात टेकला. ‘नाही?’

‘आलं त्या दिवसापासून नाही. तुला आवडतं म्हणून ठेवलंय.’

‘मला? कोण म्हणालं मला आवडतं?’

‘तुझे भाऊजी. पहिल्याच दिवशी म्हणाले, धाकटीला फार आवडलंय, तू काही बोलू नकोस.’

‘आणि मला आमच्या ह्यांनी सांगितलं, वहिनीला फार आवडलंय म्हणून!’

मग थोरलीच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज निघाला. ऑपरेटरला ड्यूटीवर हसू आवरेनासं झालं की निघत असावा तसला. ‘भामटे,’ ती म्हणाली. ‘दोघेही एक नंबरचे भामटे. ठरवून केलं मेल्यांनी.’

धाकटीही हसायला लागली, आणि हसता हसता तिला दोघांची फार आठवण आली. आता त्यांना फैलावर कुठे जाऊन घेणार?

‘पण मग रोज पुसत का होतात?’

‘तू एवढं पॉलिश करायचीस. त्यावर धूळ बसलेली तुला कशी दाखवू?’

‘तुम्ही पुसायच्या म्हणून मी पॉलिश करत होते!’

‘ऐक,’ थोरली म्हणाली. आवाज तसाच नेमका होता, पण जरा खाली आला होता. ‘फोनवर आहे तोवर सांगून टाकते. मी त्या दिवशी फरशीवरून घसरले नाही. पायाची करंगळी साहेबांच्या पंजाला आपटली आणि तोल गेला.’

‘मग घसरले का म्हणालात?’

‘तुझ्या आवडत्या कपाटाला कशी नावं ठेवायची?’

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘जाऊबाई! इतके आठवडे मी स्वतःला खात बसलेय. फरशी पुसली की दोनदा कोरडी करते. माझ्यामुळे तुमचं हाड मोडलं म्हणून तुमच्याकडे मान वर करून बघवत नव्हतं मला, आणि तुम्ही… साधं खरं सांगायचं होतं!’

एवढ्या मोठ्याने ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली असेल. गडी गादी घेऊन दारातच थांबला. बाईने त्याला खुणेनेच बाहेर काढलं.

‘चुकलं माझं,’ थोरली म्हणाली. ‘तुला असं काही वाटत असेल, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.’

धाकटीने पदराने तोंड पुसलं. राग ओसरला तसं तिला एकदम हलकं वाटायला लागलं, इतकं हलकं की पुढचा प्रश्न विचारायची हिंमत त्याच भरात झाली.

‘आता एकच विचारते. माझी सोय, माझी दगदग, सगळं बाजूला ठेवा. तुम्हाला लेकीकडे जायचंय का?’

पलीकडे कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

‘आहात ना?’ धाकटीने घाबरून विचारलं.

‘लाइनवर आहे.’ हा सूर आता ऑफिसातला राहिला नव्हता. ‘नाही जायचं गं. पण म्हटलं, मी गेले तर तुझ्या मागची कटकट जाईल. तू जरा मोकळी होशील.’

‘मला मोकळं व्हायचं नाही,’ धाकटी म्हणाली. ‘मला तुम्ही हव्या आहात इथे.’

तिने फोन ठेवला तेव्हा बाई पॅसेजच्या टोकाला पाठमोरी उभी राहून मुद्दाम काहीच ऐकलं नसल्यासारखं करत होती.

‘न्या,’ धाकटी म्हणाली. मग तिच्या मनात आलं ते तिने सरळ बोलून टाकलं. ‘पण खरं सांगू? बहिणीला नसतं हो दिलं मी हे.’

बाई खळखळून हसली. ‘मुलींच्या एका वसतिगृहात मोठा हॉल आहे, पुस्तकं जमिनीवर पडलेली असतात बिचाऱ्यांची. तिथे उभे राहतील साहेब भिंतीला. वाटेत येणार नाहीत कुणाच्या.’

साहेब गेले. आरसा वेगळा काढला, दारं वेगळी काढली, तरी जाताना चौकटीचा एक टवका घेऊनच गेले. मागे भिंतीवर जुन्या रंगाचा मोठा चौकोन उरला, पिवळा, अगदी टवटवीत. सगळं घर कधीकाळी त्या रंगाचं होतं हे धाकटी विसरूनच गेली होती.

शनिवारी थोरली वॉकर टेकत टेकत घरात शिरली. मागे लेक, ‘आई, हळू’ म्हणत. पॅसेजमध्ये पिवळ्या चौकोनासमोर आल्यावर थोरली थांबली, तिने वॉकर तिरका केला, पोट आत घेतलं आणि ती आडवी वळली. समोरून उशी घेऊन येणारी धाकटीही बरोबर त्याच जागी आडवी वळली होती. दोघी मोकळ्याढाकळ्या पॅसेजमध्ये अंग चोरून एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

‘अगं, गेले ना ते,’ थोरली म्हणाली.

‘हो की!’ धाकटी म्हणाली. थोरलीने वॉकर सरळ केला आणि चौकोनावरून हात फिरवत ती आपल्या खोलीपर्यंत चालत गेली. लेकीने पॅसेज या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला आणि आईची बॅग खोलीत नेऊन ठेवली.

थोरली खाटेवर टेकल्यावर धाकटीने दारातून विचारलं, ‘चहा टाकू?’

‘तुला हवा असेल तर टाक. माझ्यासाठी मुद्दाम नको.’

धाकटी दारात तशीच उभी राहिली. समोरासमोर आलं की पुन्हा पहिले पाढे. मग ती स्वयंपाकघरात गेली, तिने गॅसवर आधण ठेवलं आणि मोबाइल उचलला. खोलीत थोरलीच्या उशाशी घंटी वाजली.

‘हॅलो. बोला.’

‘चहा हवाय की नको?’

‘हवाय. साखर घालून. तुला बिनसाखरेचा आवडतो म्हणून इतकी वर्षं तसाच घशाखाली ढकलतेय.’

‘मला?’ धाकटी म्हणाली, आणि साखरेच्या डब्यासाठी वरच्या फळीवर हात घातला. लेक खोलीच्या दारात उभी राहून एकदा आईकडे आणि एकदा स्वयंपाकघराकडे बघत होती.

‘अजून काही?’ थोरलीने विचारलं.

‘घरी आल्यावर बरं वाटतंय का?’

‘फार बरं वाटतंय.’

‘खरंच? की मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?’

‘फोनवर मी कधी खोटं बोलले नाही,’ थोरली म्हणाली.

धाकटीने दोन्ही कपांत साखर घातली. फोन मात्र तिने लगेच ठेवला नाही, आणि पलीकडूनही कुणी ठेवला नाही.